‘स्कॉर्चिंग’ मराठीत आणताना: ऊन, इस्त्री, टीका आणि वेग

अनुवादाच्या कामाला लागून मला जेमतेम महिना झाला होता. क्रिकेटच्या एका इंग्रजी बातमीत ‘स्कॉर्चिंग पेस’ असे शब्द आले. कोशात ‘स्कॉर्चिंग’पुढे ‘होरपळणारा, जळजळीत’ असं दिलेलं होतं, म्हणून मी लिहिलं, ‘त्याने जळजळीत वेगाने गोलंदाजी केली.’ डेस्कवरच्या ज्येष्ठ उपसंपादकांनी कागद हातात घेतला, ‘जळजळीत’वर रेघ मारली आणि म्हणाले, “अगं, वेगाला झळ नसते. वेगाला वारा असतो.” वर त्यांनी लिहिलं: भन्नाट.

नंतर कित्येक दिवस मी हे वाक्य तपासत राहिले. भन्नाट, सुसाट, तुफान, झंझावात. वेगासाठी आपल्या तोंडी येणारे बहुतेक शब्द वाऱ्याचे आहेत. भन्नाट वारा सुटतो, सुसाट वारा येतो आणि मग गाडीही सुसाट जाते. इंग्रजीत वेग तापतो, मराठीत तो घोंघावतो. ‘स्कॉर्चिंग’सारखा कडक उष्णतेचा शब्द मराठीत आणायचा तर कोणत्या ठिकाणी उष्णता ठेवायची आणि कोणत्या ठिकाणी सोडून द्यायची, एवढंच ओळखायचं असतं. बातम्या, सबटायटल्स, पाककृती किंवा शेतीची माहितीपत्रकं मराठीत आणायला ज्यांनी नुकती सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी मी ज्या क्रमाने विचार करते तो क्रम इथे मांडते.

पहिली पायरी: शब्दाचं मूळ काम डोळ्यांनी पाहा

कोश नंतर उघडा. आधी इस्त्री आठवा. पांढरा सुती सदरा पसरलाय, इस्त्री गरम आहे आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजते. परत येईपर्यंत पाठीवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी ठसा उमटलेला असतो. कापड फाटलेलं नाही, भोक पडलेलं नाही, राख तर मुळीच झालेली नाही. फक्त वरचा थर पिवळा-तपकिरी होऊन कडक झालाय. बोट फिरवलं तर खरखरीत लागतो, आणि नाकाशी नेला तर जळकट वास येतो. हे ‘स्कॉर्च’.

म्हणजे यात तीन गोष्टी आहेत: उष्णता बाहेरून येते, नुकसान पृष्ठभागावर होतं आणि वस्तू नष्ट होत नाही. ‘बर्न’ म्हणजे सरसकट जळणं, ‘चार’ म्हणजे कोळसा होणं, ‘स्काल्ड’ म्हणजे उकळत्या पाण्यानं किंवा वाफेनं पोळणं. स्कॉर्च या सगळ्यांच्या अलीकडे थांबतो. या शब्दाचा संबंध आकसण्या-सुरकुतण्याच्या अर्थाच्या एका जुन्या नॉर्स शब्दाशी लावतात, आणि त्यावर कातडी सोलण्याच्या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाचीही छाप पडली असावी, असं म्हणतात. आकसणं आणि सोलणं ही दोन्ही कामं कातडीवरचीच. मराठीतही एखाद्याला बोलून-बोलून ‘सोलून काढतात’, याची इथेच नोंद करून ठेवा. पुढे टीकेच्या पायरीवर ती उपयोगी पडेल.

दुसरी पायरी: काय जळलं ते विचारा

सर्वांत जास्त वेळ मी या पायरीवर घालवते, आणि नवख्यांनीही घालवावा. इंग्रजीचा एक स्कॉर्च घराघरांतून, शेतांतून फिरतो, तर मराठीत प्रत्येक वस्तूचं जळणं वेगळं आहे.

भाकरी, भाजी, लसूण, पीक हे करपतं. पण दूध? पाककृतीत ‘दूध स्कॉर्च होऊ देऊ नका’ अशा अर्थाचं वाक्य असलं तर ‘दूध करपू देऊ नका’ असं लिहिणारे भेटतात. वाक्य चूक नाही, पण ओट्यापाशी उभी असलेली बाई म्हणते, “अगोबाई, दूध लागलं!” दूध लागतं, भात खाली लागतो, खीर तळाला लागते. म्हणून लिहायचं ‘दूध तळाला लागणार नाही याची काळजी घ्या, सतत ढवळत राहा.’ इथे उष्णतेचा शब्दच नाही, तरी एवढं अचूक भाषांतर दुसरं सापडणार नाही. आणि चव बिघडली तर ती करपट. खरपूस वेगळं: ते कौतुकाचं आहे. इंग्रजी पाककृतीत स्कॉर्च हा कायम दोष असतो, तर मांसाचा पृष्ठभाग मुद्दाम तांबूस करायचा असेल तेव्हा ते ‘सीअर’ म्हणतात. सीअरला खरपूस भाजणं चालेल, स्कॉर्चला कधीही नाही.

पाय, हात, जीभ हे पोळतं. ‘स्कॉर्चिंग सँड’ म्हणजे पाय पोळवणारी वाळू. ‘तप्त वाळू’ हे बरोबर असलं तरी त्यात पाऊल टाकलेलं नाही. क्षणभर लागलेला तो चटका. तव्याचा, कुकरच्या शिट्टीचा, उन्हात उभ्या गाडीच्या सीटचा. मात्र चटक्याला मराठीत लाक्षणिक अर्थाची एक वेगळीच वाट आहे: ‘मनाला चटका लावून गेला’ असं आपण कुणाच्या अकाली जाण्याबद्दल बोलतो. त्यामुळे ‘स्कॉर्चिंग परफॉर्मन्स’चं ‘चटका लावणारा अभिनय’ केलं की तो अभिनय वाचकाच्या मनात हळवा आणि दुःखाचा होऊन बसतो.

होरपळणं हे सर्वांत मोठ्या आवाक्याचं क्रियापद. झाडं होरपळतात, दुष्काळात गावं होरपळतात, दंगलीत माणसं होरपळतात. कोशात स्कॉर्चपुढे हाच शब्द पहिला सापडतो, म्हणून इथे सावध राहायचं. मराठी बातम्यांत ‘आगीत होरपळून’ या शब्दांनंतर ‘मृत्यू’ हा शब्द इतक्यांदा आलेला आहे की ‘होरपळले’ एवढं वाचूनच वाचक वाईट धरून चालतो. इंग्रजी बातमीत अग्निशमन दलाच्या दोघांचे हात ‘स्कॉर्च’ झाले असं असेल, तर ‘दोघे होरपळले’ लिहू नका. ‘दोघांच्या हातांना भाजलं’ लिहा. जखम किरकोळ आहे असं मूळ मजकुरात असेल तर तेही लिहा. त्या दोघांच्या घरचेही ती बातमी वाचणार असतात.

शेतीच्या मजकुरातला एक खड्डा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘लीफ स्कॉर्च’ म्हणजे पानाच्या कडा आणि टोकं तपकिरी होऊन वाळणं. कडक ऊन आणि कोरडा वारा असताना पान जेवढं पाणी बाहेर टाकतं तेवढं मुळांकडून वर येत नाही. मग मुळांपासून सगळ्यात दूरचा भाग, म्हणजे पानाची कड, आधी वाळते. याला पटकन ‘करपा’ म्हणावंसं वाटतं. पण आपल्या शेतकऱ्याच्या लेखी करपा हे रोगाचं नाव आहे: कांद्यावरचा करपा, भातावरचा करपा, केळीवरचा करपा. ते रोग आहेत आणि त्यांच्यावर फवारणी असते. उन्हानं वाळलेल्या कडांना माहितीपत्रकात ‘करपा’ म्हटलंत तर वाचणारा दुकानात जाऊन बुरशीनाशक घेऊन येईल, आणि त्याच्या झाडाला हवं असेल पाणी, आच्छादन किंवा थोडी सावली. म्हणून ‘उन्हामुळे पानांच्या कडा करपतात’ असं क्रियापदानं लिहा. नाम टाळा. उलट, काही पिकांत ‘स्कॉर्च’ हे इंग्रजीतही रोगाच्या नावाचा भाग असतं, म्हणून मजकुरात कारण काय दिलंय ते वाचल्याशिवाय शब्द ठरवू नका.

तिसरी पायरी: ऊन कुठलं आहे ते पाहा

‘स्कॉर्चिंग सन’, ‘स्कॉर्चिंग हीट’ यांना मराठीत शब्दांची ददात नाही. रणरणतं ऊन, भाजून काढणारं ऊन, डोक्यावर तळपणारा सूर्य, उन्हाच्या झळा, अंगाची लाही लाही. आणि माझा आवडता प्रयोग, ‘ऊन मी म्हणत होतं.’ इतका ऐटदार वाक्प्रचार हाताशी असताना ‘अति तीव्र उष्णता जाणवत होती’ असं का लिहावं, हे मला खरंच समजत नाही.

निवडताना पहिली कसोटी कोरडं की दमट. स्कॉर्चिंग कोरडं असतं, वरून येतं, कातडीवर बसतं. ‘स्वेल्टरिंग’ दमट असतं, आतून उकडतं. चंद्रपूरचा मे महिना स्कॉर्चिंग: नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि वारा भट्टीतून आल्यासारखा तोंडावर येतो. मुंबईचा मे महिना स्वेल्टरिंग: पारा चंद्रपूरच्या कितीतरी खाली, पण घामाच्या धारा आणि जिवाची घालमेल. मुंबईच्या बातमीत ‘रणरणतं’ आणि विदर्भाच्या बातमीत ‘उकाडा’ असं उलटं बसवलंत तर दोन्हीकडचे वाचक दचकतील. चंद्रपूरला उकडतही असेल, पण तिथे आधी भाजतं.

दुसरी कसोटी आकडा. ब्रिटनमधली वर्तमानपत्रं उन्हाळ्यात ‘स्कॉर्चर’ हा शब्द मोठ्या हौसेनं छापतात, आणि आत वाचावं तर पारा ३० अंशांच्या आसपास. लंडनसाठी तिथलं हवामान खातं सलग तीन दिवस २८ अंश सेल्सिअस गाठले की उष्णतेची लाट धरतं. त्या देशात ४० अंशांचा टप्पा इतिहासात पहिल्यांदा ओलांडला गेला तो १९ जुलै २०२२ रोजी. त्या दिवशीचा उच्चांक लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीचा, ४०.३ अंश. आपल्याकडे भारतीय हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच करत नाही. शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं, किंवा थेट ४५ अंशांवर जावं लागतं. किनाऱ्यासाठी आकडा ३७, डोंगराळ भागासाठी ३०. भारतात नोंदलेलं सर्वाधिक तापमान राजस्थानातल्या फलोदीचं, १९ मे २०१६ रोजी ५१ अंश.

मग लंडनच्या ३० अंशांच्या ‘स्कॉर्चर’ला अकोल्याच्या वाचकासाठी ‘रणरणता दिवस’ म्हणायचं का? मी म्हणत नाही. मी लिहिते, ‘लंडनकरांना न सोसणारं ऊन’, आणि आकडा शेजारी ठेवते. त्या घरांची बांधणी थंडीसाठी असते, छताला पंखाही बहुधा नसतो, हे अर्ध्या वाक्यात सांगितलं की वाचक त्यांच्या त्रासाकडे परक्या नजरेनं पाहत नाही.

इथेच एक ठाम नियम. ‘उष्णतेची लाट’ आणि ‘उष्माघात’ हे नेमक्या अर्थाचे शब्द आहेत. पहिला हवामान खात्याचा, दुसरा डॉक्टरांचा. इंग्रजीत नुसतं ‘स्कॉर्चिंग हीट’ असेल तर ‘उष्णतेची लाट’ लिहू नका. लोक त्या शब्दावरून शाळा, मजुरी आणि प्रवास ठरवतात.

चौथी पायरी: वेगात उष्णता सोडून द्या

१८९०च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सायकलचं वेड पसरलं होतं. हँडलवर वाकून बेफाम सायकल हाणणाऱ्यांना तिथे ‘स्कॉर्चर’ म्हणत. न्यूयॉर्कमध्ये त्यांना पकडायला १८९५ मध्ये पोलिसांचं खास सायकलपथक निघालं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट तेव्हा तिथल्या पोलीस मंडळावर होते. त्या पथकालाही ‘स्कॉर्चर स्क्वॉड’ असंच नाव पडलं. रस्ता भाजत जाणारी चाकं, ही त्यामागची कल्पना. आजही इंग्रजी क्रीडापानांवर धाव, फटका, सुरुवात सगळं स्कॉर्चिंग असतं.

मराठीत इथे वारा आणा. स्कॉर्चिंग पेस: भन्नाट वेग. स्कॉर्चिंग इनिंग्ज: झंझावाती खेळी. फुटबॉलमधला स्कॉर्चर: बंदुकीच्या गोळीसारखा सणसणीत फटका. ‘सणसणीत’मध्येही हवा कापली गेल्याचा आवाज आहे, लक्षात घ्या. स्वतःचा मजकूर मोठ्यानं वाचा. ‘घणाघाती’ हा शब्द घणाचा आहे, त्यामुळे तो फटक्याला शोभतो, धावण्याला शोभत नाही. आणि विशेषनाम आलं तर हात लावू नका: पर्थ स्कॉर्चर्स हा ऑस्ट्रेलियातला क्रिकेट संघ पर्थ स्कॉर्चर्सच राहील.

पाचवी पायरी: टीकेत उष्णता जपा

टीकेचं उलट आहे. टीका मराठीतही भाजते, म्हणून इथे वाऱ्याकडे धावायचं कारण नाही. जळजळीत टीका, दाहक शब्द आणि सगळ्यांत रसरशीत, ‘खरपूस समाचार’. तव्यावरचा शब्द सभेत कसा गेला पाहा: समोरच्याला दोन्ही बाजूंनी नीट परतून घेतलं! इंग्रजीत कुणी एखाद्या अहवालावर ‘स्कॉर्चिंग’ भाषण केलं असेल तर ‘खरपूस समाचार घेतला’ हे अगदी चपखल. मघाशी नोंदवलेलं ‘सोलून काढलं’ही इथेच, पण ते बोलीतलं, बातमीत नको, मुलाखतीत किंवा सबटायटलमध्ये हवं.

कुणी टीका केली, यावर शब्द बदलतो. न्यायालय ताशेरे ओढतं. विरोधी पक्षनेता तोफ डागतो. समीक्षक सडकून टीका करतो. न्यायालयानं खरपूस समाचार घेतला असं लिहिलं की न्यायमूर्ती आखाड्यात उतरल्यासारखे दिसतात. आणि ‘जळजळीत’ हा शब्द वास्तवालाही लागतो: ‘जळजळीत वास्तव’. इंग्रजीत तिथे बहुधा ‘सीअरिंग’ असतं. सीअरचा जुना अर्थ सुकवणं, वाळवणं. मग डाग देणं. म्हणून ‘सीअर्ड इन्टू मेमरी’साठी मला ‘काळजावर डागल्यासारखं राहिलं’ हे ‘स्मृतीत कोरलं गेलं’पेक्षा जवळचं वाटतं, विशेषतः आठवण दुखरी असेल तर. सीअरिंग पेन म्हणजे आग आग होणं. ‘जखमेची आग होतेय’ असं पेशंट म्हणतो, तेच लिहा.

‘सिझलिंग’ आणि ‘ब्लिस्टरिंग’चं फार सांगण्यासारखं नाही. पहिल्यात चुरचुर आवाज आहे, दुसऱ्यात अंगावर आलेले फोड. लाक्षणिक अर्थानं दोन्ही वेग, टीका आणि सिनेमातल्या शृंगाराभोवतीच फिरतात. शृंगारासाठी मराठी सिनेपत्रकारितेनं ‘हॉट’ कधीच आत घेतलंय. मला तो फारसा आवडत नाही, पण वाचकाला कळतो.

सहावी पायरी: ‘स्कॉर्च्ड अर्थ’ला तयार शब्द आहे, तो वापरा

शत्रूला धान्य, चारा, पाणी, आसरा काहीच मिळू नये म्हणून माघार घेताना स्वतःच्याच मुलखाची राखरांगोळी करायची, याला मराठीत ‘दग्धभू धोरण’ म्हणतात. इंग्रजीत हा शब्दप्रयोग रुळला १९३०च्या दशकाच्या अखेरीस, चीन-जपान युद्धाच्या बातम्यांतून, आणि तो चिनी शब्दाचा अनुवाद मानला जातो. म्हणजे इंग्रजीनंही तो भाषांतरातूनच मिळवला. कृती अर्थात फार जुनी. १८१२ मध्ये नेपोलियन रशियात शिरला तेव्हा रशियन सैन्य मागे हटत गेलं आणि त्याच्या हाती लागली ती कोठारं जाळलेली गावं. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात तर ब्रिटिशांनी दुसऱ्यांची शेतघरं जाळली. ते माघारीतलं नव्हतं, तरी इंग्रजीत त्यालाही हेच नाव आहे.

मराठी वाचकाला उदाहरण द्यायचं तर मॉस्कोपर्यंत जायची गरज नाही. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याच्या दिशेनं निघाली. तळेगावला पोचली तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून रिकामं केलेलं होतं. ना दाणा, ना वैरण. फौज मागे फिरली, वडगावला कोंडीत सापडली आणि तिला तह करावा लागला. पुणे-लोणावळा लोकलनं जाता-येता ही दोन्ही स्टेशनं लागतात. मला तरी तळेगाव आलं की हे आठवतंच.

लाक्षणिक अर्थानं मात्र दग्धभू जपून वापरा. इंग्रजीत घटस्फोटाच्या भांडणालाही ‘स्कॉर्च्ड अर्थ’ म्हणतात. तिथे ‘दग्धभू’ लिहिलं की नवरा-बायकोमध्ये तोफखाना आल्यासारखं वाटतं. ‘मला नाही तर तुलाही नाही, अशा ईर्षेनं सगळ्याची राखरांगोळी केली’ हे घरातलं वाक्य आहे. कंपनी बळकावली जाऊ नये म्हणून तिच्याच मोलाच्या मालमत्ता विकून टाकण्याच्या डावाला अर्थपानावर ‘दग्धभू डावपेच’ चालेल, पण पहिल्या उल्लेखाला एका ओळीत अर्थ सांगा.

एक वाक्य हातात घेऊन

समजा, इंग्रजी बातमी अशी आहे: नागपुरात ‘स्कॉर्चिंग’ दुपारी सलामीवीरानं ‘स्कॉर्चिंग’ सुरुवात करून दिली, नंतर कर्णधारानं खेळपट्टीवर ‘स्कॉर्चिंग’ टीका केली, आणि सीमारेषेजवळचं गवत ‘स्कॉर्च्ड’ दिसत होतं. इंग्रजी संपादकानंही यातले दोन कापले असते, पण सरावाला वाक्य उत्तम आहे.

दुपार नागपूरची, कोरडी: ऊन मी म्हणत होतं. सुरुवात वेगाची: झंझावाती. टीका माणसाची, न्यायालयाची नाही: खरपूस समाचार. गवतापाशी मी थांबते. करपलेलं म्हणू? करपणं चालतं, पण मैदानावरच्या गवताला पाणी दिलं तर ते परत हिरवं होतं, आणि ‘करपलं’ म्हटलं की गेलंच असं वाटतं. इथे कुणी जाळ लावला नव्हता, फक्त उन्हानं रंग नेला होता. म्हणून शेवटी लिहिलं:

‘नागपुरात ऊन मी म्हणत असताना सलामीवीराने झंझावाती सुरुवात करून दिली. सामन्यानंतर कर्णधाराने खेळपट्टीचा खरपूस समाचार घेतला. सीमारेषेजवळचं गवत उन्हाने पिवळं पडलं होतं.’